नागपूरची गाडी पकडण्याआधी: कोणत्या त्रासाला कोणता मानसोपचार

कृषी केंद्रावर जाऊन "किडीचं औषध द्या" म्हटलं तर दुकानदार आधी विचारतो, कोणती कीड? मावा-तुडतुडे की बोंडअळी? पऱ्हाटीबाबत एवढी चौकशी होते. मनाच्या त्रासाला मात्र "कौन्सेलिंग करून घ्या" एवढं सांगून माणसाला वाटेला लावलं जातं. मग तो दिवसाची मजुरी बुडवून, एसटीचे धक्के खात शहरात जातो, तासभर बोलून येतो आणि "काही फरक नाही" म्हणून पुन्हा जात नाही. बहुतेक वेळा त्याला मिळालेलं औषध वाईट नसतं, पण ते दुसऱ्याच किडीचं असतं.

आपल्याकडे कुणी "मला नैराश्य आलंय" म्हणत नाही. "जीव घाबरून राह्यला", "डोकं जड पडते", "कशातच मन लागून नाही राह्यलं" असं सांगतात. यातलं काही शरीराचंही असू शकतं. म्हणून थेरपीच्या आधी रक्ताच्या तीन तपासण्या करून घ्याव्यात: थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२. थायरॉइड कमी पडलं की माणूस हुबेहूब उदास दिसतो, आणि त्याला कितीही बोलतं केलं तरी उपयोग नसतो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया भागात सिकलसेलची, म्हणजे अंग दुखवणाऱ्या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची, तपासणीही व्हावी. सतत अंग दुखणाऱ्याला आळशी ठरवणं सोपं असतं.

काही ठिकाणी गोळ्या आधी आणि बोलणं नंतर. कानात आवाज येणं, घरचेच विष घालताहेत असा पक्का संशय, चार-चार रात्री झोप नसूनही अंगात प्रचंड जोर आणि वारेमाप खर्च, किंवा खाणं-पिणंच सोडून बसणं, अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरच हवा. "अंगात येतं" म्हणून आधी देवर्षीकडे नेलेलं असलं तरी हरकत नाही, नेलंय हे डॉक्टरांना मोकळेपणानं सांगावं. दारूचंही तसंच. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं एका झटक्यात बंद केली तर दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, भास होणं, झटके येणं असं होऊ शकतं, आणि त्यात जीवही जातो. देवाची शपथ घालून कोरडं पाडण्याआधी दवाखाना गाठायचा. समुपदेशन त्यानंतर.

आणि मरणाचे विचार बोलून दाखवले जात असतील तर कोणती थेरपी हा प्रश्न त्या दिवशी बाजूला ठेवायचा. घरातलं फवारणीचं औषध त्याच दिवशी घराबाहेर काढून कुलपात ठेवायचं आणि किल्ली दुसऱ्याकडे द्यायची. तो ओढीचा क्षण पुष्कळदा थोडाच वेळ टिकतो आणि त्या वेळी हाताशी काय आहे यावर बरंच ठरतं. "जीव द्यावासा वाटतो का?" असं सरळ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

आता उदासीनतेकडे येऊ. गावात सगळ्यांत जास्त उपयोगी आणि सगळ्यांत कमी नावाजलेली पद्धत म्हणजे बिहेवियरल ॲक्टिव्हेशन. नाव अवघड आहे, काम साधं. उदास माणूस कामं सोडतो, कामं सुटली की बरं वाटण्याचे प्रसंगच संपतात, म्हणून तो आणखी उदास होतो. हा फेरा विचारांच्या टोकाकडून न सोडवता कृतीच्या टोकाकडून सोडवायचा.

समजा, पंचेचाळिशीचा एक शेतकरी आहे. दोन महिने खाटेवरून उठत नाही. पहिल्या आठवड्यात त्याला काहीच बदलायला सांगत नाहीत, फक्त नोंद ठेवायची: किती वाजता काय केलं आणि मन ० ते १० मध्ये कुठं होतं. लिहिता येत नसेल तर दहा तुरीचे दाणे पुढ्यात ठेवून जितकं बरं वाटलं तितके बाजूला काढायचे आणि पोराला आकडा लिहायला लावायचा. आठवड्याअखेर दिसतं, की सकाळभर खाटेवर मन दोनवर होतं आणि संध्याकाळी पानठेल्यावर पंधरा मिनिटं बसला तेव्हा पाचवर गेलं होतं. त्याला विचारलं असतं तर तो "दिवसभर सारखंच वाटते" म्हणाला असता.

दुसऱ्या आठवड्यात दोनच गोष्टी ठरवायच्या, एक आवडीची, एक गरजेची. "वावरात जाईन" असं नाही. "सकाळी सात वाजता धुऱ्यापर्यंत जाऊन परत येईन" असं. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, काम इतकं लहान की हसू यावं. पद्धत बिघडते ती इथंच. उत्साहाच्या भरात घरचे त्याला अख्खा दिवस डवरणीला लावतात, दुपारी तो बसून पडतो आणि "माझ्याच्यानं होत नाही" याला आणखी एक पुरावा मिळतो. "कामात मन गुंतव" हा नातेवाइकांचा सल्ला आणि ही थेरपी यांत फरक मापाचा आहे. दुसरी चूक म्हणजे मन झालं की उठेन म्हणून वाट पाहणं. इथं आधी पाय हलतात, मन मागून येतं.

ही पद्धत द्यायला मोठी पदवी लागत नाही. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत ती दिली, त्याचे चांगले निकाल २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. त्यात गावपातळीवरचे कार्यकर्ते होते, समुपदेशक होते, डॉक्टरही होते. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यातला समुपदेशक शहरातल्यापेक्षा कमीच असणार असं धरून चालू नये.

सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं यांवर काम करणारी कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, हे नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ अॅरन बेक यांनी १९६० च्या दशकात ती मांडली. तिच्याआधी १९५० च्या दशकात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत आली, आणि महाराष्ट्रात तिचे जाणकार बरेच आहेत. दोन्हींत प्रसंग, त्यावरचा विचार आणि त्यातून आलेली भावना अशी फोड करतात. सोयाबीन बुडालं हा प्रसंग. "मी घरच्यांवर ओझं झालो" हा विचार. थेरपिस्ट तो विचार खोडत नाही, तपासायला लावतो: घरातलं कोण असं म्हणालं? भावाचं पीक बुडालं असतं तर त्याला ओझं म्हटलं असतं का? एलिसची पद्धत "पीक यायला हवं होतं" आणि "यायलाच पाहिजे होतं" यांतल्या "च"वर बोट ठेवते. साधारण १२ ते २० भेटी, दर भेट ४५-५० मिनिटांची, आणि घरी करायचा अभ्यास. अभ्यास न देणारा सीबीटीवाला असेल तर तो सीबीटी करत नाही, गप्पा मारतो.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. कर्ज हा विचारांचा दोष नाही. सावकाराचा तगादा दारात असताना कुणी "सकारात्मक विचार करा" म्हणालं तर खुशाल उठून यावं. तिथं लागतं ते प्रश्न सोडवण्याचं तंत्र: महिनाभर न उघडलेली बँकेची नोटीस थेरपिस्टसमोर उघडायची, रक्कम आणि तारीख वहीत उतरवायची, बँकेत कोणाला सोबत न्यायचं ते ठरवायचं. कर्ज तेवढंच राहतं, पण पाकीट तरी उघडलं जातं.

घाबरण्याच्या झटक्याची गोष्ट वेगळी. छाती धडधडते, हातापायाला मुंग्या, आता जातो की मग असं वाटतं. झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि बहुधा अर्ध्या तासात आपोआप उतरतो. सलाईनची बाटली संपायला तास-दीड तास लागतो. श्रेय अर्थातच बाटलीला मिळतं आणि पुढच्या झटक्याला माणूस पुन्हा सलाईन मागतो. एकदा नीट ईसीजी काढून हृदय ठीक ठरलं की दर वेळी काढू नये. इथली थेरपी उलट वाटेनं जाते: थेरपिस्ट मुद्दाम जागेवर पळायला लावतो, भराभर श्वास घ्यायला लावतो, धडधड आणतो आणि काही होत नाही हे शरीरालाच कळू देतो. दम्याचा किंवा हृदयाचा आजार असेल तर हे आधी सांगायचं.

मंत्रचळाचं, म्हणजे एकच शंका आणि एकच कृती पुन्हा पुन्हा होण्याच्या आजाराचं (ओसीडी), तत्त्व तेच. हात धुतले की दोन मिनिटं बरं वाटतं, म्हणूनच पुन्हा धुवावे लागतात. एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन या पद्धतीत घाणीची भीती वाटते त्या वस्तूला हात लावायचा आणि धुवायचं नाही. सोप्यापासून अवघडाकडे पायऱ्या लावतात: आधी दाराची कडी, मग चप्पल, मग गोठ्यातली बादली. घरचे "झालं, स्वच्छ आहेत तुझे हात" अशी दर वेळी खात्री देत असतील तर तेही बंद करावं लागतं, कारण ती खात्रीसुद्धा धुण्यासारखीच आहे. मंत्रचळ असलेल्याला वर्षभर नुसतं बालपणाबद्दल बोलायला लावलं तर वेळ आणि पैसा दोन्ही जातात.

नवरा गेल्यानंतरचं दुःख, लग्न होऊन आलेल्या घरात न रुळणं, भावाभावांतला वाटणीचा वाद, अशा त्रासाचं मूळ नात्यात असतं. त्यासाठी इंटरपर्सनल थेरपी आहे, १२ ते १६ भेटींची. युगांडातल्या खेड्यांत ती गटात बसवून दिली गेली आणि उपयोगी पडली. आपल्याकडे बचत गटाची बैठक त्याला जवळची वाटेल, फक्त गटात बोललेलं गटाबाहेर जाणार नाही याची हमी आधी हवी. गावात ती हमी देणं अवघड आहे, हे मान्यच केलं पाहिजे.

दारू सोडावी की नाही अशा दोलायमान माणसाला व्याख्यान देऊ नये. प्रेरणा जागवणारी मुलाखत नावाचं एक तंत्र आहे, त्यात त्याच्याच तोंडून सोडण्याची कारणं काढतात. अपघात, हिंसा, अत्याचार यांच्या आठवणी झोपू देत नसतील तर आघातावर काम करणारी सीबीटी किंवा डोळ्यांच्या हालचालींची ईएमडीआर शिकलेला माणूस शोधावा. ही कामं अर्धवट शिकलेल्याच्या हाती पडली तर जखम उघडून तशीच राहते. स्वतःला वारंवार इजा करणाऱ्यांसाठी डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) आहे, पण ती पूर्ण स्वरूपात मिळायला मोठं शहरच गाठावं लागेल. फ्रॉइडच्या परंपरेतली मनोविश्लेषणाची, म्हणजे मनाच्या तळाशी दडलेलं उकरत जाण्याची, वाट लांबची आहे. दर आठवड्याला, कधी वर्षानुवर्षं. तालुक्याहून ये-जा करून ती चालवणं मला तरी व्यवहार्य वाटत नाही.

माणूस कसा निवडायचा? मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा केलेला डॉक्टर, तो गोळ्या देऊ शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, क्रमांक विचारायला लाजू नये. "समुपदेशक" ही पाटी मात्र पंधरा दिवसांच्या कोर्सवरही लागते. पहिल्या भेटीत तीन प्रश्न: माझ्या त्रासाला तुम्ही कोणती पद्धत वापरणार, साधारण किती भेटी लागतील, आणि फरक पडतोय हे कशावरून ठरवायचं? तिसऱ्याला ज्याच्याकडे उत्तर आहे तो कामाचा. "एका बैठकीत बरं करतो" म्हणणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जायचं नाही.

नैराश्यातला फरक मोजायला नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ प्रश्नावली पुरते. गुण ० ते २७. दहा किंवा त्याहून जास्त आले की लक्ष द्यायला हवं, वीस किंवा जास्त म्हणजे तीव्र. पहिल्या दिवशी आणि पाचव्या-सहाव्या भेटीला भरा. निदान पाच गुण उतरले नसतील तर थेरपिस्टशी उघड बोलून पद्धत बदलायची, नाहीतर माणूस. गोळ्या चालू असतील तर त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. आठ दिवसांत बंद करणं ही नेहमीची चूक.

दर आठवड्याला जाणं वेचणीच्या दिवसांत कुणालाच जमत नाही. पहिल्या भेटीतच सांगून टाकावं: दिवाळीच्या आसपास पंधरा दिवसांनी येईन, मधली भेट फोनवर. फोनवर बोलायला घरापेक्षा वावर बरं, तिथं कान नसतात. रेंज कुठं येते ते आदल्या दिवशी पाहून ठेवावं. बाईचा फोन सासरच्यांच्या हातात असेल तर कोणत्या वेळी करायचा आणि दुसऱ्या कुणी उचलला तर थेरपिस्टनं काय म्हणायचं, हे ठरवून घ्यावं. सोबत आलेल्या नातेवाइकाला पहिली दहा मिनिटं आत बसू द्यावं, मग बाहेर. तो आत असेपर्यंत खरं काही बोललं जात नाही.

शेवटच्या भेटीत एक कागद मागून घ्यावा. त्यावर तीन गोष्टी: त्रास परत येताना सगळ्यांत आधी काय दिसतं (कुणाची झोप पहाटे तीनला उडते, कुणी पानठेल्याकडे जाणं सोडतो), तेव्हा पहिलं काय करायचं, आणि कुणाला फोन करायचा. पेरणीआधी, मृग लागण्याच्या सुमारास, एक भेट तारखेसह नोंदवून ठेवावी. कागद कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला की दार उघडताना दिसतो आणि पाहुण्यांना दिसत नाही.