काचेवरचा द्राक्षांचा घड

जुन्या फोटो फ्रेमची काच टाकून देऊ नका, तिच्यावर स्टेन्ड ग्लाससारखं देखणं काम होतं. मी नाशिकची, त्यामुळे नक्षी द्राक्षांच्या घडाचीच! कागदावरचं चित्र काचेखाली ठेवलं की गिरवायला सोपं जातं.

खऱ्या स्टेन्ड ग्लासमध्ये रंगीत काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडतात. घरी ते काम फेविकॉल करतो. त्यात काळा ॲक्रिलिक रंग कालवून मेंदीच्या कोनात भरायचा आणि रेघ सलग ओढायची. दोन रेघा भेटतात तिथे फट राहिली तर रंग पलीकडे पाझरतो, म्हणून सांधे नीट बघा. रेघा रात्रभर वाळू द्या, इथे घाई नकोच.

मग फेविकॉलमध्येच खाण्याच्या रंगाचे थेंब. मण्यांना जांभळा, पानांना हिरवा. बुडबुडा दिसला की सुईने फोडायचा. ओला असताना रंग दुधट, फिकट दिसतो. वाळताना कडेकडेने पारदर्शक होत जातो, आणि ते बघत बसायला मला फार आवडतं.

काच ओल्या फडक्याने पुसू नका, फेविकॉल मऊ पडतो. खाण्याचा रंग उन्हात उडतो, म्हणून गंगापूर रोडच्या घरातल्या पश्चिमेच्या खिडकीसाठी मी ग्लास पेंटच आणणार आहे.