परीक्षेचा शीण आणि काली फॉसच्या गोळ्या

बोर्डाच्या परीक्षा जवळ आल्या की बऱ्याच घरांत काली फॉस 6एक्स या होमिओपॅथीच्या गोळ्यांची बाटली येते. चार-चार गोळ्या, दिवसातून तीनदा, जिभेवर विरघळवायच्या. त्यात दहा लाख भागांत एक भाग पोटॅशियम फॉस्फेट, बाकी दुधाची साखर. एका केळ्यात याच्या कितीतरी पट पोटॅशियम असतं. परीक्षेच्या भीतीवर जेल्सेमियम 30 देतात, ते तर दर वेळी शंभरपट असं तीस वेळा पातळ केलेलं. बाराव्या पायरीच्या आसपासच मूळ द्रव्याचा रेणू उरण्याची शक्यता संपते. मुलाला बरं वाटतं ते बहुधा आईने जवळ बसून विचारपूस केल्यामुळे, आणि ती विचारपूस मोलाचीच आहे.

माझी खरी काळजी वाया जाणाऱ्या दिवसांची. वाचताना कपाळ दुखतं, अक्षरं पुसट होतात? आधी चष्म्याचा नंबर तपासा. मुलगी जिना चढताना धापा टाकते, पापणीची आतली बाजू फिकट दिसते? हिमोग्लोबिन बघा. ते 12 च्या खाली असेल तर डॉक्टर लोहाच्या गोळ्या देतील. त्या चहासोबत घेतल्या तर लोह नीट शोषलं जात नाही, लिंबूपाण्यासोबत घ्याव्यात. या वयात झोप आठ ते दहा तास हवीच, म्हणून संध्याकाळी पाचनंतर चहा-कॉफी बंद.

दोन आठवडे उदासी हटत नसेल, तर गोळ्या बदलत बसू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.