दोन सोंडा

सकाळी रक्ताचा अहवाल आला आणि प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गाभ टिकवणारं संप्रेरक, एकदम खाली गेलेलं दिसलं. हत्तिणीत असं झालं की साधारण 2 ते 5 दिवसांत पिल्लू होतं. गाभण राहून 22 महिने होत आले होते. पशुवैद्य म्हणून आता माझ्या हातात फक्त तिच्यापाशी थांबणं होतं.

माहूत मक्याची हिरवी वैरण घेऊन आला. "डॉक्टर, पानांवर चिकटा पडलाय. घालू का हिला?" मी पान उलटून पाहिलं. मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारे बारीक किडे, दाटून बसला होता. घाल म्हटलं, पण ते एक पान ठेवून घेतलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरलं.

जेमतेम 2 मिलिमीटरची निळसर हिरवी मादी, सोंड पानात रुतवलेली. तिच्या मागच्या टोकाशी एक फिकट ठिपका फुगत होता. पिल्लू! आधी शेपटाकडचा भाग आला, अंगाशी चिकटलेले पाय दिसले, मग डोकं आईतच अडकून ते लोंबकळत राहिलं. हळूहळू एकेक पाय मोकळा झाला, पानाला टेकला. आईनं सोंड काढलीसुद्धा नाही. नर नाही, अंडं नाही. आणि त्या नवजात लेकीच्या पोटात पुढच्या लेकी वाढायला लागलेल्याच होत्या. उबदार हवेत आठवडा-दीड आठवड्यात तीही विणार. 1740 साली शार्ल बोने या स्विस निसर्गअभ्यासकानं माव्याची एक मादी जन्मापासून एकटी ठेवली होती. तिला 95 पिल्लं झाली. वाचलं होतं, पण डोळ्यांनी पाहिल्यावर अंगावर काटा आला.

हत्तीण त्याच रात्री, पहाटेच्या सुमारास व्याली. आधी मागचे पाय आले. गाईचं वासरू असं उलटं आलं तर माझी धावपळ उडते. हत्तीत मात्र हे नेहमीचंच. बघता बघता शंभरेक किलोचं ओलं, लालसर केसांचं पिल्लू जमिनीवर आलं आणि मला दुपारचं ते पान आठवलं.

दोघींचं अन्न एकटीच्यानं पचणारं, पुरणारं नाही. मक्याच्या रसात साखर भरपूर, पण गरजेची अमिनो आम्लं अपुरी. ती माव्याच्या पेशींत राहणारा बुख्नेरा नावाचा जिवाणू तयार करून देतो. हत्तीच्या मोठ्या आतड्यातले सूक्ष्मजीव चाऱ्यातला तंतू फोडतात, तरीही खाल्लेल्यातलं निम्म्याहून जास्त शेणात जातं. माव्याच्या लेकीला तिचा जिवाणू आईच्या पोटातच मिळतो. हत्तीच्या पिल्लाला तो वारसा बाहेर आल्यावर मिळवावा लागतो.

काही आठवड्यांनी पिल्लू आईच्या ताज्या शेणात सोंड घालून चघळायला लागलं. माहूत त्याला ओढायला धावला. मी त्याचा हात धरला. म्हटलं, "राहू दे, खाऊ दे त्याला."