तुम्ही विचारलंत म्हणून: जर्मनीत संसाराची घडी बसायला किती दिवस लागतात?

नोकरी पक्की झाली, व्हिसा हातात आला, की बायको-मुलांसह जर्मनीला निघालेलं प्रत्येक कुटुंब हाच प्रश्न विचारतं: तिकडे गेल्यावर रोजचं सगळं सुरळीत व्हायला किती दिवस लागतील? साधारण तीन महिने धरा. तिथली कामं फार अवघड नसतात, पण एकात एक अडकलेली असतात. पहिलंच राहिलं, की पुढची सगळी खोळंबतात.

आणि ते पहिलं काम म्हणजे टपालपेटीवर नाव लावणं. हसू नका. तिथल्या बहुतेक इमारतींत फ्लॅट नंबर नसतो. पोस्टमन पेटीवरचं आडनाव वाचून पत्र टाकतो, नाव दिसलं नाही तर पत्र परत जातं. करक्रमांक, विम्याचं कार्ड, बँकेचा पिन हे सगळं टपालाने येतं. आपल्याकडे बायकोच्या पासपोर्टवर बरेचदा माहेरचं आडनाव असतं, कुणाच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामाच असतो. म्हणून पासपोर्टवर जशी आहेत तशी घरातली सगळी आडनावं, त्याच स्पेलिंगमध्ये, पेटीवर आणि बेलच्या बटणाशेजारी लावा. तात्पुरते कुणाकडे उतरला असाल, तर त्यांच्या पेटीवर तुमचंही नाव हवं.

यानंतर आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ती ब्युर्गरअम्टमध्ये, म्हणजे नागरिक सेवा कार्यालयात, करायची असते. मोठ्या शहरांत तिथली वेळ मिळता मिळत नाही, म्हणून पत्ता कळला की लगेच वेळ घ्या, अगदी भारतातूनही. दोन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली, तर आपण वेळेत प्रयत्न केला हे दाखवायला त्या बुकिंगचा पुरावा जपून ठेवा. सोबत सगळ्यांचे पासपोर्ट, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले आणि घरमालकाने सही केलेली वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग न्यायची. नाव लांबलचक, कागद एका पानाचा: अमुक माणसं अमुक तारखेला या घरात राहायला आली. भाडेकरार दाखवून भागत नाही, हाच कागद लागतो. काही तात्पुरत्या फ्लॅटवाल्यांची तो द्यायची तयारी नसते, म्हणून पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्या. दाखल्यांचं जर्मन भाषांतर शपथबद्ध भाषांतरकाराकडून करून घ्या. इंग्रजीवर काही ठिकाणी निभावतं, पण समोरच्याने अडवलं तर हातची वेळ जाते आणि पुन्हा रांग.

लग्नाचा दाखला इथे दाखवायचं कारण पगाराशी जोडलेलं आहे. नवराबायको दोघंही जर्मनीत नोंदले गेले, की दोघांना करवर्ग चार मिळतो. करवर्ग म्हणजे दरमहा पगारातून किती कर कापायचा ते ठरवणारा गट. एकच कमावत असेल तर फिनान्सअम्टकडे, म्हणजे करकार्यालयाकडे, अर्ज करून तीन आणि पाच अशी जोडी घेता येते, मग कमावणाऱ्याच्या पगारातून दरमहा कर कमी कापला जातो. वर्षाचा एकूण कर मात्र त्याने बदलत नाही आणि कर विवरण भरणं सक्तीचं होतं. कुटुंब मागाहून येणार असेल तर तोवर वर्ग एक लागतो, तेव्हा घरखर्चाचा हिशेब पहिले काही महिने त्या कमी पगारावरच मांडा. अकरा आकडी करक्रमांक नोंदणीनंतर काही आठवड्यांत टपालाने येतो. मुलांचाही स्वतंत्र येतो, ती पत्रं फेकू नका. किंडरगेल्डच्या अर्जात तोच क्रमांक लागतो. हा मुलांसाठीचा भत्ता जानेवारी २०२६ पासून दर मुलामागे महिना २५९ युरो आहे. अर्ज आपण होऊन फामिलिएनकासेकडे, म्हणजे हा भत्ता देणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे, करायचा, आणि मागची रक्कम फक्त सहा महिन्यांची मिळते.

आरोग्यविम्याबाबत माझं मत ठाम आहे. गलेलठ्ठ पगारवाल्यांना खासगी विम्याचा पर्याय असतो, आणि एकट्या तरुण माणसाला तो स्वस्तही वाटतो. पण खासगीत बायकोचा हप्ता वेगळा, प्रत्येक मुलाचा वेगळा, आणि तिथून मागे फिरणं कठीण. सार्वजनिक क्रांकेनकासेमध्ये, म्हणजे आरोग्यविमा संस्थेत, न कमावणारा जोडीदार आणि मुलं त्याच हप्त्यात बसतात. फक्त ते आपोआप होत नाही. कुटुंबविम्याचा फॉर्म भरून पाठवावा लागतो, तो राहिला की मुलाला ताप आल्यावर डॉक्टरकडे कार्डच नसतं. रात्री-अपरात्री डॉक्टर हवा असेल तर ११६११७, जिवावर बेतलं असेल तर ११२. हे दोन नंबर फ्रिजवर चिकटवा.

थोडक्यात एक पत्र सांगून ठेवते, कारण त्याने सगळेच गोंधळतात. नोंदणीनंतर नवराबायको दोघांनाही रुंडफुंकबायट्राग म्हणजे प्रसारणशुल्काची मागणी येते, घरात टीव्ही असो वा नसो. ते घरटी एकच, महिना १८.३६ युरो. एकाने भरायला सुरुवात करायची आणि दुसऱ्याच्या पत्राला उत्तर देताना पहिल्याचा क्रमांक कळवायचा. दुर्लक्ष केलं तर दोन्ही खाती चालू राहतात.

आता घर. जाहिरातीत काल्टमीटे दिसते, ते नुसत्या जागेचं भाडं. त्यावर पाणी, कचरा, बऱ्याचदा हीटिंग असे नेबेनकोस्टेन, म्हणजे वरखर्च, येतात, वीज आणि इंटरनेट बहुधा त्याहून वेगळं. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकी, आणि ती तीन मासिक हप्त्यांत भरायचा हक्क कायद्याने दिलेला आहे. बऱ्याच घरांत स्वयंपाकघराच्या जागी नुसत्या भिंती आणि नळाचे पाइप असतात, छतातून दिव्याच्या वायरी लोंबत असतात. किल्ल्या घेताना प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढून ताबापत्रात नोंदवा. आणि शेगडी इंडक्शन आहे का ते पाहा, कारण साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापत नाही. मिक्सर चालतो, वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ आहे, पिन तेवढी बदलावी लागते.

आपल्या घरांना सगळ्यात जास्त नडते ती हवा. कुकरच्या शिट्ट्या, उकळता भात, घरात वाळत घातलेले कपडे, आणि थंडी म्हणून घट्ट लावलेल्या खिडक्या. डिसेंबरपर्यंत बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटामागे काळी बुरशी दिसते आणि घर सोडताना अनामतीतून पैसे कापले जाण्याची वेळ येते. वीस अंशांची हवा घनमीटरमागे साधारण १७ ग्रॅम बाष्प धरू शकते, शून्य अंशाची जेमतेम ५. म्हणजे घरातली ओलसर हवा थंड कोपऱ्याला टेकली की तिथेच पाणी सोडते. आणि बाहेरची गार हवा कितीही दमट वाटली तरी आत येऊन तापली की कोरडी होते. म्हणून भर थंडीतही खिडक्या उघडायच्या, पण रीतसर. आधी हीटर बंद करायचा, नाहीतर गार हवा लागून त्याचा थर्मोस्टॅट आणखी तापवायला लागतो. मग समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडून पाच ते दहा मिनिटं ठेवायच्या, आणि पुन्हा बंद. सकाळी उठल्यावर, स्वयंपाकानंतर, आंघोळीनंतर, झोपायच्या आधी. याला श्टोसल्युफ्टेन म्हणतात. खिडकी वरून तिरकी करून दिवसभर ठेवणं हा चुकीचा उपाय आहे, हवा नीट बदलत नाही आणि खिडकीभोवतीची भिंत गार पडते. आर्द्रतामापक स्वस्तात मिळतो, तो ४० ते ६० टक्क्यांत राहिला पाहिजे. कपाट बाहेरच्या भिंतीपासून पाच-दहा सेंटिमीटर पुढे ओढा.

मुलांचं शेवटी घेतलं, पण तयारी त्याचीच सर्वांत आधी सुरू करा. १ ऑगस्ट २०१३ पासून वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला पाळणाघरातल्या जागेचा कायदेशीर हक्क आहे, तरी जागा अपुऱ्या आहेत. म्हणून पाच-सहा किटांत (पाळणाघराला तिकडे किटा म्हणतात) एकदम नाव घाला. लसीकरणाचं कार्ड मूळ प्रतीसह न्या. मार्च २०२० पासून किटा आणि शाळेत गोवराच्या लशीचा पुरावा सक्तीचा आहे, दोन वर्षांपुढच्या मुलाला दोन डोस लागतात.

जागा मिळाली म्हणजे दुसऱ्या दिवसापासून मूल सोडून कामाला जाता येत नाही. आधी आइनगेव्ह्योनुंग, म्हणजे रुळवण्याचा काळ. बर्लिन पद्धतीत पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलासोबत तासभर वर्गात बसतात, मूल दूर केलं जात नाही. चौथ्या दिवशी निरोप घेऊन खोलीबाहेर जायचं, पण इमारतीतच थांबायचं. मूल किटातल्या ताईंकडून शांत होत नसेल तर दोन-तीन मिनिटांत परत, शांत झालं तर अर्ध्या तासापर्यंत. चौथा दिवस सोमवारी आला तर हा प्रयत्न मंगळवारी करतात, कारण शनिवार-रविवार घरी राहून मूल पुन्हा बिलगलेलं असतं. मूल खेळात गुंतलंय पाहून गुपचूप सटकायची आपली सवय इथे अजिबात नको. एकदा फसवलं गेलेलं मूल पुढचे आठ दिवस दारावरून नजर हलवत नाही.

यात दोन ते चार आठवडे सहज जातात, म्हणून दोघांपैकी एकाची रजा त्या काळासाठी राखून ठेवा. मुलाची गोधडी किंवा आजीच्या साडीचा तुकडा सोबत द्या, किटा नाही म्हणत नाही. आणि एका कार्डावर मुलाचे नेहमीचे शब्द रोमन लिपीत लिहून, समोर जर्मन अर्थ घालून ताईंच्या हाती द्या: शू, शी, पाणी, भूक, दुखतंय, आई कुठंय. जर्मन न येणाऱ्या मुलाचं पहिल्या महिन्यातलं निम्मं रडं आपलं बोलणं कुणालाच कळत नाही याचं असतं.