नकाशातले पांढरे रस्ते

आयुष्य रस्त्याच्या कामावर गेलं की एक खोड लागते. कुठेही गेलं तरी नजर आधी खाली जाते. समोर देऊळ असो की धबधबा, मी बघणार साइडपट्टी, गटाराचा उतार आणि मोरीचं तोंड तुंबलंय का ते. बायको म्हणते, "अहो, मान वर करा जरा, डोंगर आहे तिथे." निवृत्तीनंतर लेकीकडे फ्रान्सला गेलो, तेव्हा लोणच्याच्या बरण्यांबरोबर ही खोडही सामानात होतीच.

लेक-जावई सेंत-एतियेनला राहतात. कोळशाचं, बंदुकांचं आणि सायकलींचं जुनं गाव. कोळसा संपला, सायकलींचे बहुतेक कारखानेही गेले, पण गावाच्या बाहेर पडलं की डोंगर तसाच उभा. व्हिसा नव्वद दिवसांचा. लेक-जावई सकाळीच कामावर, बायको नातवात गुंग. तिसऱ्या दिवशी जावई म्हणाला, "बाबा, माझी सायकल पडूनच असते. न्या की." पुण्यात तासाच्या भाड्याने सायकल घेऊन शिकलेला माणूस मी. ब्रेक आणि घंटी चालली की सायकल चांगली, एवढीच आमची परीक्षा. ह्या सायकलीला बावीस गिअर होते आणि घंटी नव्हती.

गिअरचं आणि ह्या गावाचं नातं जुनं आहे, हे नंतर कळलं. पॉल द व्हिव्ही नावाचा गृहस्थ इथे राहायचा. 'व्हेलोसिओ' ह्या टोपणनावाने लिहायचा, १८८७ पासून सायकलींचं मासिक चालवायचा आणि सायकलीला गिअर हवेत म्हणून सगळ्यांशी भांडायचा. टूर द फ्रान्सचा संस्थापक देग्राँज विरुद्ध बाजूला. त्याचं म्हणणं, गिअर हे पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी. मर्दाने एकाच गिअरवर चढावं. त्याच्या शर्यतीत बदलत्या गिअरना परवानगी मिळाली ती थेट १९३७ मध्ये. मी त्रेसष्ट वर्षांचा, म्हणजे देग्राँजच्या कायद्यानेही मला अठरा वर्षांपूर्वीच मुभा मिळालेली. सगळ्यात हलका गिअर टाकताना मला कधी लाज वाटली नाही. बिचारा व्हेलोसिओ १९३० साली ट्रामच्या अपघातात गेला. सगळी हयात डोंगरात काढली आणि घात केला तो शहरातल्या सपाट रस्त्याने.

त्याचं स्मारक गावाबाहेर कोल द ला रेपुब्लीक ह्या खिंडीत आहे, उंची ११६१ मीटर. ह्याच चढावर १९०४ च्या टूरमध्ये रात्रीच्या अंधारात स्थानिक स्पर्धकाच्या पाठीराख्यांनी इतरांना काठ्यांनी बडवलं होतं. शेवटी पिस्तुलाचे बार काढून जमाव पांगवावा लागला. आज तिथे काठ्या नाहीत, ट्रक आहेत. मी एकदाच गेलो, नमस्कार केला आणि परत आलो.

शांत रस्ते शोधायची युक्ती जावयाने शिकवली. फोन बाजूला ठेवा म्हणाला आणि मिशेलिनचा कागदी नकाशा समोर पसरला. त्यात मोठे रस्ते लाल, त्याखालचे पिवळे आणि त्याहून बारके पांढरे. रस्त्याच्या कडेला हिरवी रेघ असेल तर देखावा चांगला. आणि रस्त्यावर बाणाची टोकं काढलेली असतात: एक टोक म्हणजे चढ पाच टक्क्यांच्या वर, दोन म्हणजे नऊच्या वर, तीन म्हणजे तेराच्या वर. टोक चढाच्या दिशेला. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. आमच्याकडे घाटरस्त्याला वीसास एक, म्हणजे पाच टक्के, हा नेहमीचा चढ धरतात. सात टक्के म्हणजे अगदी नाइलाज. इथे तीन-तीन बाण असलेले रस्ते खुशाल डोंगरात घुसलेले. मी ठरवलं: पांढरा रस्ता, हिरवी रेघ, बाण एकच.

पहिला मोठा चढ केला तो रोशताये गावावरून. खाली दरीत १८६६ साली बांधून झालेलं दगडी धरण, तिथून पुढे सूचिपर्णी झाडांच्या जंगलातून ल बेसा आणि मग क्रुआ द शोबुरे, १२०१ मीटर. घरापासून सातशे मीटरची उंची चढायची. वाटेत दर किलोमीटरला पाटी: पुढच्या किलोमीटरला सरासरी चढ इतका, माथा अजून इतका दूर. आधी वाटलं, काय सोय केलीये! मग लक्षात आलं, ही सोय नाही, छळ आहे. आपल्या घाटात पुढच्या वळणानंतर काय आहे ते माहीत नसतं, म्हणूनच माणूस वर पोचतो.

'कोल' म्हणजे आपली खिंड. घाट ह्या शब्दाला मात्र त्यांच्याकडे नेमकी जोड मला सापडली नाही. आपण म्हणतो घाट लागला, घाटात गाडी बंद पडली, घाटात भजी खाल्ली. घाट हा चांगला लांबलचक ऐवज असतो, त्यात आयुष्य घडतं. त्यांचा सायकलवाला विचारतो, कोणता कोल केलात? त्याला माथ्याच्या पाटीशी मतलब. मी माथ्यावर पाटीसोबत फोटो काढला खरा, पण मनात राहिलं ते मधलंच: ओल्या पानांचा वास, दगडी कठड्यावरचं शेवाळ, आणि माझ्या साखळीच्या आवाजाशिवाय काहीही नाही.

ह्या शांततेचं मला आधी कौतुक वाटलं, मग कोडं पडलं. तासाभरात चार गाड्या. त्यातली एक दुधाचा टँकर, एक टपालाची पिवळी व्हॅन. मागून येणारी गाडी हॉर्न देत नाही. वळण संपेपर्यंत गुपचूप मागे थांबते आणि मग दीड मीटर अंतर सोडून जाते. गावाबाहेर सायकलवाल्याला तेवढी जागा द्यायची हा तिथला कायदाच आहे. इतक्या कमी वाहतुकीला इतके रस्ते का? मोरी घडीव दगडाची, गटार साफ, उतार बरोबर. कुणीतरी जीव लावून केलेलं काम. माझ्यातला ओव्हरसियर अस्वस्थ. एवढं अंदाजपत्रक मंजूर झालं तरी कसं?

उत्तर १८३६ च्या कायद्यात मिळालं. गावोगावचे रस्ते राखण्याची जबाबदारी त्या कायद्याने ग्रामपंचायतींवर टाकली आणि त्यासाठी धडधाकट माणसांकडून वर्षाला तीन दिवसांपर्यंत काम घ्यायची मुभा दिली. काम नको तर पैसे भरा. लोकांनी बैलगाडीतून दगड ओढले, डोंगर फोडले, वस्तीवस्तीला वाट काढली. त्यातले कितीतरी रस्ते पुढे जिल्ह्याकडे गेले, नकाशात त्यांना 'डी' क्रमांक मिळाला. पण ज्यांच्यासाठी ते केले ती माणसं हळूहळू उतरून गेली, कारखान्यांकडे, शहरांकडे. दक्षिणेला लोझेर जिल्हा आहे. १८५१ च्या जनगणनेत तिथे सुमारे १ लाख ४४ हजार माणसं होती. आज ७६ हजारांच्या आसपास. प्रत्येक गावात चर्चजवळ पहिल्या महायुद्धातल्या मृतांचा स्तंभ. एका वाडीत मी नावं मोजली. एकाच आडनावाची चार. मग उघडी घरं मोजली. ती नावांपेक्षा कमी भरली.

माझं आजोळ संगमेश्वराकडचं. तिथेही आता रस्ता छान झालाय, आणि दहा घरांपैकी सहांना कुलूप. गणपतीला उघडतात. इथे ऑगस्टमध्ये उघडतात, एवढाच फरक. कुलपाला गंज मात्र दोन्हीकडे सारखाच चढतो.

जून संपता संपता जावयाने सायकली गाडीवर टाकल्या आणि आम्ही मेझांकच्या पठारावर गेलो. ते पठार बघून मात्र मी मान वर केली. सगळा मुलूख ज्वालामुखीचा. भिंती काळ्या दगडाच्या, अगदी आपल्या काळवत्रीसारख्या, आणि छपरांवर दगडाच्याच जाड फरश्या, कारण हिवाळ्यात इथे 'ब्युर्ल' नावाचा वारा बर्फ उडवत येतो. उतारांवर पिवळ्या फुलांची झुडपं अशी पसरलेली की पावसाळ्यानंतरची सोनकी आठवावी. मध्येच झेर्बिए द जाँक उभा, १५५१ मीटर, थेट गवताच्या उडवीसारखा. त्याच्या पायथ्याशी ल्वार उगम पावते, फ्रान्समधली सगळ्यात लांब नदी. उगम एक असेल तर शपथ! एक 'भौगोलिक' उगम, एक 'अस्सल' उगम आणि एक 'खराखुरा' उगम. तिन्ही ठिकाणी पाटी. त्यातला एक म्हणे गोठ्यातून वाहतो. महाबळेश्वरला एकाच गोमुखातून पाच नद्या काढणाऱ्या माणसांना ह्याचं नवल वाटायचं कारण नाही.

इथूनच पाणी वाटलं जातं. ह्या बाजूचं अटलांटिकला, पलीकडचं ऱ्होन नदीतून भूमध्य समुद्राला. सह्याद्रीच्या माथ्यावर उभं राहिलं की असंच होतं, एक ओहोळ कोकणात उतरतो, दुसरा पार बंगालच्या उपसागराकडे निघतो. मी रस्त्याच्या मधोमध सायकल धरून दहा मिनिटं उभा होतो. एकही गाडी आली नाही.

परतताना जावई पुढे निघून गेला. तरुण पाय. माझी बाटली रिकामी, दुपारचे दीड, वाटेतल्या गावातलं एकुलतं एक दुकान जेवणासाठी बंद. त्याने सांगून ठेवलं होतं, पाणी हवं असेल तर कबरस्तान गाठा. तिथे फुलांना घालायला नळ असतो, फक्त 'पिण्यायोग्य नाही' अशी पाटी नाही ना ते बघा. नळाशी एक आजी झारी भरत होत्या. मी "बोंजूर" म्हटलं. माझं फ्रेंच सहा वाक्यांचं, त्यातलं हे सगळ्यात चांगलं. त्यांनी माझी बाटली आधी भरून दिली. कुठून आलात? मी म्हटलं, "आँद." भारत. त्यांनी सायकलीकडे पाहिलं, मग माझ्या पोटऱ्यांकडे, मग पुन्हा सायकलीकडे. "सायकलवर?" मी म्हटलं, "वी." होय. आजी झारी खाली ठेवून हसल्या, माझा दंड दाबला आणि म्हणाल्या, "बाँ कुराज, मस्यू!" हिंमत धरा, महाशय.

चांगला दीडएक किलोमीटर उतार उतरून गेल्यावर प्रश्नाचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला. परत जाऊन खुलासा करावा असं वाटलं. पण मागे वळायचं तर दोन बाणांचा चढ होता.