दोन दाढा आणि सतरा महिने

डावीकडच्या खालच्या शेवटच्या दोन दाढा मी 2013 साली काढल्या. दोन्ही पार किडल्या होत्या. काढणारे डॉक्टर म्हणाले, "मागच्या दाढा आहेत, दिसत नाहीत. उजवीकडून चावत जा." मी नऊ वर्षं उजवीकडून चावलं. रिकाम्या जागेचं पुढे काय होतं हे त्या दिवशी मला कुणी सांगितलं नाही, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

नोव्हेंबर 2022 मध्ये उजवीकडच्या दाढेचा टवका उडाला, म्हणून साताऱ्यातल्या एका नव्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टर मॅडमनी तुटलेल्या दाढेआधी डावी बाजू बघितली. मग पूर्ण जबड्याचा एक्सरे, म्हणजे ओपीजी काढला आणि पडद्यावर दाखवला. समोर दाढ नसल्यामुळे वरची दाढ खाली उतरून आली होती. खालचं हाड तर मधे बसकं झालं होतं, पावसाने खचलेल्या बांधासारखं. "काकू, मुळं होती तोवर हाडाला काम होतं. मुळं गेली, काम संपलं, हाड झिजलं," त्या म्हणाल्या.

ब्रिज, म्हणजे दोन्ही बाजूंच्या दातांवर टेकवलेला दात, बसवता येणार नव्हता. पुलाला दोन काठ लागतात आणि माझ्या दाढांच्या मागे काहीच नव्हतं, अक्कलदाढ मला आलीच नाही. उरले दोन मार्ग: काढता-घालता येणारी कवळी किंवा इम्प्लांट, म्हणजे हाडात टायटॅनियम धातूचा स्क्रू आणि त्यावर दाढेच्या आकाराची कॅप. माझ्या आजीची कवळी मला आठवते. ती घालून जेवायचा तिला इतका त्रास व्हायचा की ती डबीतच राहायची, आणि आजी शेवटपर्यंत खलबत्त्यात विडा कुटून खायची. मी इम्प्लांट म्हटलं.

पण लगेच नाही. मला मधुमेह आहे. एचबीएवनसी 8.9 आलं आणि मॅडमनी सरळ नकार दिला. साखर वाढलेली असली की जखम नीट भरत नाही, हाड धरत नाही, जंतुसंसर्गाची भीती वाढते. ही रक्ततपासणी साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते, त्यामुळे आठवडाभर भात सोडून ती फसवता येत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून काही औषध किंवा इंजेक्शन घेतलंय का, तंबाखू किंवा मिश्री लावता का, हेही त्यांनी बारकाईने विचारलं. आमच्या भागात मिश्री लावणाऱ्या बायका अजून आहेत, आणि तंबाखूने हिरड्यांचा रक्तपुरवठा कमी होतो. मी रोज पहाटे चालायला लागले. फेब्रुवारीत आकडा 7.1 वर आला. तो कागद घेऊन मी परीक्षा पास झालेल्या मुलीसारखी दवाखान्यात गेले.

मग सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा सगळ्या बाजूंनी दाखवणारा स्कॅन झाला. साध्या एक्सरेत हाडाची उंची कळते, जाडी कळत नाही. या स्कॅनमध्ये दोन्ही कळतात. खालच्या जबड्याच्या आतून एक नस जाते. ओठ आणि हनुवटीची जाणीव तिच्यामुळे असते, म्हणून स्क्रूचं टोक आणि ती नस यांच्यात निदान दोन मिलिमीटर अंतर ठेवतात. उंची पुरेशी निघाली, जाडी कमी पडली. बाहेरून हाडाची भुकटी भरावी लागणार होती. मॅडमनी आधीच सांगितलं की एक प्रकार गाईच्या हाडापासून तयार होतो आणि दुसरा कृत्रिम, कॅल्शियम फॉस्फेटचा. मी कृत्रिम निवडला. न विचारता त्यांनी हे सांगितलं, याचं मला फार मोल वाटलं.

खर्च सांगते, कारण तो कुणी मोकळेपणाने सांगत नाही. तेव्हा एका इम्प्लांटचे कॅपसकट 35,000 रुपये पडले, म्हणजे दोनाचे 70,000. भुकटी आणि ती झाकणाऱ्या पातळ पडद्याचे 12,000, स्कॅनचे 3,000. आमच्या आरोग्य विम्यात दातांचे उपचार बसत नाहीत.

मार्च 2023 मध्ये शस्त्रक्रिया झाली, सव्वा तास लागला. भूल फक्त त्या बाजूला. दुखलं नाही, दाब मात्र खूप जाणवला, आणि ड्रिलचा आवाज कानापेक्षा कवटीत जास्त ऐकू आला. सतत थंड सलाईन सोडत होते, कारण घर्षणाने हाड तापलं तर त्यातल्या पेशी मरतात. शेवटी दोन्ही स्क्रू हाताच्या पान्याने बसवले. ती कटकट अजून कानात आहे.

तिसऱ्या दिवशी गाल लिंबाएवढा सुजला, आणि आठवड्याने निळा-पिवळा डाग ओघळत गळ्यापर्यंत आला. तो बघून मी घाबरले, पण तसं होतं आणि जातं. पहिले चोवीस तास थुंकायचं नाही, जोरात चूळ भरायची नाही. गार पेज, ताक, मग मेतकूट-भात. दहाव्या दिवशी टाके निघाले.

पुढचे पाच महिने काहीच करायचं नव्हतं, आणि माझ्यासाठी तेच सगळ्यात अवघड होतं. त्या काळात मी वाचलं की स्वीडनचे डॉक्टर ब्रोनेमार्क यांनी 1952 मध्ये सशाच्या हाडात टायटॅनियमची नळी बसवली होती, आणि नंतर ती काढायला गेल्यावर निघेना. हाड तिला घट्ट धरून बसलं होतं. 1965 मध्ये गोथेनबर्गला योस्ता लार्सन नावाच्या माणसाच्या जबड्यात त्यांनी पहिल्यांदा असे स्क्रू बसवले. 2006 मध्ये लार्सन वारले तोवर ते त्यांच्या तोंडात टिकून होते. रात्री जिभेने हिरडी चाचपताना मला त्या माणसाचा मोठा आधार वाटायचा.

ऑगस्टमध्ये स्क्रूंवरची हिरडी उघडली. पुढचा स्क्रू खिळल्यासारखा पक्का होता. मागचा पान्याबरोबर फिरला आणि कळ आली. हाडाने त्याला धरलं नव्हतं. मॅडमनी तो तिथेच काढला. शंभरात चार-पाच असे निघतात हे त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, तरी मी रिक्षात बसून रडले.

सप्टेंबरमध्ये पुढच्या स्क्रूवर झिर्कोनियाची, म्हणजे एका टणक सिरॅमिकची कॅप बसली. उतरलेली वरची दाढ आधी थोडी घासून घ्यावी लागली. मागची जागा तीन महिने भरू दिली, डिसेंबरमध्ये थोडा जाड स्क्रू घातला, आणि एप्रिल 2024 मध्ये त्यावरही कॅप आली. या बदली स्क्रूचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

नवी दाढ आपल्या दाढेसारखी वागत नाही. आपल्या दाताच्या मुळाभोवती बारीक तंतू असतात, त्यामुळे खडा लागला की जबडा आपोआप थांबतो. इथे धातू थेट हाडात, मधे काही नाही. सुरुवातीला किती जोरात चावतेय तेच कळत नव्हतं. शिवाय ही दाढ किडत नसली तरी तिच्याभोवतीची हिरडी सुजते आणि खालचं हाड जाऊ शकतं, म्हणून रोज रात्री फटीतून बारीक ब्रश फिरवते आणि सहा महिन्यांनी दाखवून येते. साखरही सांभाळावीच लागते.

यंदा जानेवारीत भावाच्या शेतावर हुरड्याला गेलो होतो. मी दोन्ही बाजूंनी चावत होते, आणि शेजारी बसलेली वहिनी एकाच बाजूने. विचारलं तर म्हणाली, एक दाढ हलतेय, सोमवारी काढायची आहे. सोमवारी मी तिच्याबरोबर गेले. डॉक्टर इंजेक्शन भरत होते, तेवढ्यात मी विचारलं, "काढल्यावर या जागेचं काय करायचं, ते आधी सांगा."