अंडेड अपडेट: पन्नासची भिंत फुटली बघा

मंडळी, फुटली एकदाची. वॉरक्राफ्ट ३ हा तळ आणि फौज उभारायचा गेम, त्याचा फ्रोझन थ्रोन भाग, मी अंडेड (मढ्यांची फौज), समोर ऑर्क, तोही इन्सेन एआय, म्हणजे सगळ्यात अवघड कॉम्प्युटर, आणि पन्नास फूडच्या (फूड म्हणजे फौज किती मोठी त्याचं माप) वर एकदाही न जाता मॅच मारली. काल रात्री पाऊस असा धरला होता की मधेच करंट गेला, पण इन्व्हर्टरनं साथ दिली आणि रीप्ले सेव्ह झाला. आज सकाळपासून तोच बघालोय.

मागच्या पोस्टमध्ये अडकलो होतो ते आठवत असेलच. पन्नास फूडपर्यंत खाणीतलं सगळं सोनं आपलं, ५१ ते ८० मध्ये शंभरातले ३० कापून जात्यात आणि ८१ च्या वर तर ६०. तिकडं इन्सेन एआयला सोनं दुप्पट मिळतं. म्हणजे मोठी फौज काढून त्याला दाबायला गेलो की आपल्याच खाणीचा गळा आवळला जातो, फौज लहान ठेवली तर त्याच्या लाटा थांबत नाहीत. बरं, हिरो वाढवून फरक काढावा तर माझा हिरो डेथ नाइट लेव्हल ५ ला येऊन बसतो, कारण ५ झाल्यावर क्रीप्स (नकाशावरचे कोणाच्याच बाजूचे नसलेले राक्षस) मारून एक्सपी (अनुभवाचे गुण) शून्य. ५ वरनं ६ ला जायला ६०० एक्सपी लागतंय आणि ते फक्त शत्रूची माणसं मारूनच मिळतं. आणि सहाशिवाय त्याची मोठी जादू, अ‍ॅनिमेट डेड नाही.

इथंच सगळं वळलं. अ‍ॅनिमेट डेड जवळची सहा मढी उठवतो आणि त्यांना फूड लागत नाही! पन्नास फूड खरे आणि वर सहा फुकट, अपकीप (म्हणजे वरची सोन्याची कपात) शून्य. म्हणजे या गेममध्ये जादू ही नुसती आतषबाजी नाही, टॅक्स चुकवायची ती एकमेव कायदेशीर वाट आहे. मग प्रश्न उरला एवढाच, की त्या सहाव्या लेव्हलपर्यंत पोचायचं कसं.

तर मी त्याच्याकडं जायचंच बंद केलं, त्यालाच येऊ दिलं. माझ्या मुख्य इमारतीच्या, नेक्रोपोलिसच्या पुढं दोन झिगुरात नेरुबियन टॉवर (गार मारा करणारे बुरुज) करून ठेवले, म्हणजे आलेला ग्रंट (ऑर्कचा शिपाई) गारठून मंद होतो, आणि लढाई सगळी ब्लाइटवर (अंडेडच्या तळाभोवतीच्या काळ्या जमिनीवर) घेतली, कारण आपली माणसं ब्लाइटवरच आपोआप भरून येत्यात, बाहेर नाही. मागं लांबून मारणारे क्रिप्ट फिंड, पुढं जवळून लढणारे घूल, आणि ज्याचं रक्त कमी होईल त्याला डेथ नाइटची डेथ कॉइल (आपल्याला बरं करणारी जादू). दुसरा हिरो, लिच, मुद्दाम उशिरा काढला. दुसरा हिरो जवळ उभा असला की एक्सपी वाटून जातं, आणि मला सगळं डेथ नाइटच्याच घशात घालायचं होतं. लिचची नोव्हा जादू नसल्यामुळं पहिल्या लाटा लई जड गेल्या, खरं सांगतो, पण प्रत्येक लाट म्हणजे घरपोच आलेलं एक्सपी.

सहा झाल्यावरची मजा काय सांगू! त्याच्या बेसच्या दारात लढाई झाली, त्याचे दोन टॉरेन (ऑर्कचे दांडगे बैलमुखी) पडले, आणि अ‍ॅनिमेट डेड मारल्या मारल्या तेच टॉरेन उठून त्याच्याच मुख्य इमारतीवर, फोर्ट्रेसवर, तुटून पडले. तो भाग मी परत परत लावून बघितलाय.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. घूलना कॅनिबलाइझ देऊ नका, ऐन वेळेला पाहिजे असलेलं मढं तेच खाऊन बसत्यात. आणि १७५ मॅना (जादूची शक्ती) राखून ठेवा. कॉइलला ७५ जातंय, दोन जास्तीच्या कॉइल मारल्या की अ‍ॅनिमेट डेडचं बटण काळं. मॅना भरून देणारा ऑब्सिडियन स्टॅच्यू एक तरी सोबत पाहिजेच.

कीबोर्डबद्दल मागं कोणीतरी विचारलं होतं. नमपॅड असलेलाच घ्या. जुन्या सेटिंगमध्ये हिरोच्या सहा वस्तू नमपॅडच्या ७, ८, ४, ५, १, २ वर असत्यात, आणि खडेबाजारात गेलं की दुकानदार हमखास ते छोटे चमकणारे कीबोर्ड पुढं करत्यात. टाउन पोर्टलसाठी (हिरोला घरी पोचवणारी वस्तू) माऊस न्यायच्या वेळात हिरो मरतोय. साधा, मोठा, स्वस्तातला कीबोर्ड बरा.

आता आपल्या मूळ कामाकडं, म्हणजे अशा गेमांच्या तुलनेकडं. आजपर्यंत मी ग्राफिक्स, मिशन, एआय असे वेगवेगळे मार्क देत आलो, पण कालच्या मॅचनंतर मला एकच माप पुरेसं वाटायलंय: फँटसी आरटीएसमधली (थेट चालणाऱ्या स्ट्रॅटेजी गेममधली) जादू तुमच्या जमाखर्चाला हात लावते का नाही?

या मापानं एज ऑफ मिथॉलॉजी एकदम वर येतो. तिथं फेव्हर (देवाची कृपा) हे धान्य, लाकूड, सोन्यासारखंच एक रिसोर्स आहे आणि ग्रीक घेतले तर ते देवळात माणसं बसवून मिळवावं लागतं. ऐन पेरणीत घरातली चार माणसं भजनाला बसली तर शेताचं जे होईल तेच तिथं होतंय. इजिप्शियन मॉन्युमेंट बांधून फेव्हर मिळवत्यात, आणि नॉर्सला तर लढल्यावर मिळतंय, म्हणून नॉर्स घेऊन घरात बसणं परवडतच नाही. तीन संस्कृती, तीन हिशेब. याबाबतीत मी त्याला वॉरक्राफ्टच्या बरोबरीचा मानतो. जुन्या २००२ च्या गेममध्ये प्रत्येक गॉड पॉवर (देवानं दिलेली जादू) एकदाच वापरता यायची, २०२४ च्या रीटोल्डमध्ये फेव्हर मोजून परत वापरता येते आणि दर वेळी महाग होत जाते. मला हा बदल मनापासून आवडला, पॉवरसुद्धा हिशेबात आली. इजिप्शियन देवी नेफ्थिसची सांगाडे उठवणारी पॉवर अ‍ॅन्सेस्टर्स म्हणजे आपल्या अ‍ॅनिमेट डेडची चुलत बहीण, फक्त ती मढी मागत नाही. मला मढी मागणारी जास्त आवडते, कारण आधी लढाई द्यावी लागते.

बॅटल फॉर मिडल-अर्थ (२००४) दिसायला आजही देखणा, घोडदळ पायदळात घुसतं तेव्हा अंगावर काटा येतो. पण त्याच्या पॉवर मारामारीतनं पॉइंट साठवून घ्यायच्या आणि परत भरल्या की बटण दाबायचं, खजिन्याला त्याचं काही सोयरसुतक नाही. स्पेलफोर्स ३ मध्ये हिरोची गोष्ट एकीकडं आणि बेस दुसरीकडं, दोन्ही चांगलं, पण मला ते दोन गेम शेजारी ठेवल्यासारखे वाटत्यात. त्यावर सविस्तर नंतर.

खरं तर पुढच्या अपडेटला नाइट एल्फ घ्यायचे होते. पण हे लिहिता लिहिता डोक्यात वेगळंच आलं. सहाव्या लेव्हलची वाट कशाला बघायची? नेक्रोमॅन्सर आहेत की! दोन फूडचा एक माणूस, एका मढ्यातनं दोन सांगाडे, त्यांनाही फूड नाही. मीट वॅगनमध्ये आठ मढी मावत्यात आणि एक्झ्यूम कॉर्प्सेस केलं की वॅगन स्वतःच मढी तयार करते. म्हणजे चाकावरची खाणच. ऑर्कचा शामन पर्ज मारून सांगाडे मोडतो, ह्यूमनचे प्रीस्ट डिस्पेल मॅजिकनं एका फटक्यात ढीगभर, त्यामुळं फिंड सोडून चालणार नाही, प्रीस्टला आधी टिपायला कोणीतरी लागणारच.

निपाणीचा मावसभाऊ नेहमी ह्यूमनच घेतो आणि प्रीस्ट काढण्यात त्याचा हात कोणी धरत नाही. त्याला सांगून ठेवलंय, रविवारी लॅपटॉप घेऊन ये, लॅन लावू. नाइट एल्फ थांबतील. कोणाकडं नेक्रो-वॅगनचे ह्यूमनविरुद्धचे रीप्ले असतील तर शनिवारच्या आत पाठवा, दुसरा हिरो लिच घ्यावा का ड्रेडलॉर्ड, तेवढं अजून ठरायचंय.